विद्यापीठासमोरचं स्टेशन

माधव, तुझे दिवस उरकायच्या आतच मंडळाच्या अध्यक्षांनी तुला डॉक्टरेट देऊन टाकली. फोनवर त्यांनी मला फलकाचा मजकूर वाचून दाखवला: ‘कै. डॉ. माधवराव इनामदार स्मृती देखावा’. त्यातलं ‘माधवराव’सुद्धा नवीनच. कालपरवापर्यंत हाच माणूस तुला ‘इनामदार, त्या खुर्च्या जरा इकडे घ्या’ म्हणत होता. गेल्यावर माणसाला इतक्या झपाट्याने बढत्या मिळतात की आणखी महिनाभर थांबलं तर तू ‘सर’ही होशील.

मी म्हटलं, “अध्यक्ष, तो डॉक्टर नव्हता.”

“अहो, जपानला विद्यापीठात होते ना?”

“होता. पदवी घेतली नव्हती.”

“आता अशा वेळी आपण कागद कुठे तपासत बसायचे? शोभून दिसतं.”

यंदाच्या गणपतीत तुझं स्टेशन पुन्हा मांडायचं, तुझ्या नावाने मांडायचं, आणि त्यासाठी वहिनींची परवानगी आणायची, असं कमिटीने ठरवलंय. परवानगी आणायला मी जायचं हेही ठरवलंय. ठरवताना मला विचारलेलं नाही. हे सगळं ज्याला सांगून हसायचं तो माणूसच गैरहजर, म्हणून लिहितोय. शोकसभेत बोलायला मला जमणार नाही. तिथे ‘अजातशत्रू’ हा शब्द येणार, आणि तुझे शत्रू मला नावानिशी माहीत आहेत. निम्मे कमिटीत आहेत.

तुला पहिल्यांदा पाहिलं ते ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, विलायतेत, ईलिंगच्या लायब्ररीत, माझ्या ग्रंथपालाच्या टेबलासमोर. जपानी रेल्वेच्या फोटोंचं एखादं पुस्तक आहे का, असं तू फार जपून जुळवलेल्या इंग्रजीत विचारलंस. आमच्याकडे वाफेच्या इंजिनांवर अख्खी भिंत होती. इंग्रजांना आपली रेल्वे मेल्यावर जास्त आवडते. जपानवर काहीच नव्हतं. तुझ्या कार्डावरचं नाव वाचून मी मराठीत विचारलं, “तुम्ही पुण्याचे का?”

“साताऱ्याचा. पुण्याचा असतो तर पुस्तक आहे का विचारलं नसतं. का नाही ते विचारलं असतं.”

मी पुण्याचा. त्या दिवसापासून आपण ‘तू’वर आलो ते आलोच. पुस्तक मी दुसऱ्या लायब्ररीतून मागवलं. तू ते माझ्यासमोर चाळलंस, शेवटचं पान मिटलंस आणि म्हणालास, “सगळी मोठी स्टेशनं आहेत. माझं नाही.”

‘माझं’ म्हणजे कुठलं, ते त्या शनिवारी तुझ्या घरी कळलं. वहिनींनी चहा दिला, पोहे दिले, आणि वर बोट दाखवून म्हणाल्या, “जा, भेटून या. माझी सवत राहते वर.” आपण दोघं हसलो. त्यानंतर कितीतरी वर्षं तुझ्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा या वाक्याला हसला. वहिनींनी ते चांगलं घोटलेलं होतं, कुठे थांबायचं हेही त्यांना ठाऊक होतं.

लॉफ्टमध्ये वाकूनच चालावं लागायचं. छताच्या उताराखाली प्लायवुडच्या फळ्या लाकडी घोड्यांवर ठेवलेल्या, आणि फळ्यांवर जपानमधल्या एका उपनगरातलं स्टेशन. रूळ करंगळीच्या नखाएवढे रुंद. समोरासमोर दोन फलाट, मध्ये दोन रूळ, एका टोकाला रस्ता ओलांडायचं फाटक, त्याला खरी वाजणारी घंटा. तिकीट पाहणाऱ्या माणसाचा खोपटासारखा कट्टा. बाहेर सायकलींचा ढीग, नूडल्सचं दुकान, पाव मिळायचं दुकान, जुन्या पुस्तकांचं दुकान. बाकांवर गाद्या. मी विचारलं, गाद्या कशाला? तू म्हणालास, आसपासच्या घरांतल्या बायका शिवून आणून ठेवतात, थंडीत प्रवाशांना बाक गार लागू नये म्हणून. मी म्हटलं, आणि कुणी उचलून नेत नाही? तू माझ्याकडे असं पाहिलंस की पुण्याबद्दलचं तुझं मत कायमचं पक्कं झालं असणार.

स्टेशनच्या नावाचा तू सरळ मराठीत अर्थ सांगितलास: ‘विद्यापीठासमोर’. तिकडे अशी नावं पुष्कळ, म्हणालास. मग मी विचारलं ते विद्यापीठ कुठेय. तू फळीच्या कडेकडे बोट दाखवलंस. दुकानांमधून एक रस्ता वर चढत गेला होता आणि फळी संपली तिथे तोही संपला होता.

“इथून चढ. पाऊण मैल तरी. हिवाळ्यात जीव जातो.”

“म्हणजे समोर नाहीच.”

“जमीन विकायची होती रेल्वे कंपनीला. ‘विद्यापीठासमोर’ म्हटलं की भाव येतो.”

जपानी लोकही जाहिरातीत खोटं बोलतात हे ऐकून मला फार बरं वाटलं. तोवर तू त्यांच्याबद्दल ज्या आदराने बोलत होतास त्याने मी थकायला आलो होतो.

आपलं भांडण त्या फळीच्या कडेवरून सुरू झालं आणि आता ते मिटायचं राहिलं. मी म्हणायचो, स्टेशन आहे, गाव आहे, विद्यापीठ कर. निदान एक दगडी फाटक कर, दोन झाडं लाव. ज्याच्यामुळे स्टेशन आहे तेच नाही, हा काय प्रकार? तू म्हणायचास, जागा नाही. जागा होती. उताराखाली वहिनींच्या सुटकेसेस होत्या तिथे एक फळी सहज बसली असती. मी मापही घेऊन दाखवलं. तू म्हणालास, “तू पुस्तकं लाव. रेल्वेत लुडबूड करू नकोस.” दर वर्षी तू काहीतरी नवीन करायचास. एकदा पुस्तकांच्या दुकानाबाहेर पाट्या आल्या, एकदा प्रवाशांनी घेऊन जायच्या आणि परत आणून ठेवायच्या छत्र्यांची एक बरणी आली, छत्री म्हणजे टाचणीएवढी. बाकावर बसलेल्या एका प्रवाशाला तू इतरांपेक्षा गडद रंग दिला होतास. ते माझ्या लक्षात आलं होतं. पण विद्यापीठ काही आलं नाही.

आता गणपतीचं. आपल्या मंडळाचा गणपती शाळेचा हॉल भाड्याने घेऊन बसायचा. थर्मोकोलचे गड करणारे कुलकर्णी कॅनडाला गेले आणि देखाव्याचा प्रश्न उभा राहिला. हलता देखावा पाहिजे, नाहीतर मुलं येत नाहीत, अशी अध्यक्षांची अट. मीटिंगमध्ये सगळे टेबलाकडे बघत असताना तू म्हणालास, “माझ्याकडे स्टेशन आहे. हलतं.”

कमिटीला वाटलं खंडाळा. घाट, बोगदे, वर देऊळ. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तू हॉलमध्ये फळ्या जोडल्यास, आणि अध्यक्षांनी जपानी अक्षरांची पाटी पाहिली.

“इनामदार, हे काय आहे?”

“स्टेशन.”

“गणपतीचा आणि जपानचा काय संबंध?”

तू शांतपणे सांगितलंस की जपानात गणपती आहे. जुन्या देवळांत आहे. फक्त तो बंद पेटीत असतो, भक्तांनाही दाखवत नाहीत.

“दाखवत नाहीत? मग उपयोग काय?”

मी मध्ये म्हटलं की दाखवत नाहीत म्हणूनच इतका टिकला असेल. त्यानंतर मला तिथे बोलू दिलं नाही. पण मूर्ती ठेवायची कुठे, हा खरा प्रश्न होता. फलाटावर ठेवली तर गणपती गाडीची वाट बघतोय असं दिसेल. रुळांमागे ठेवली तर गाड्या त्याच्या पोटावरून जातील. तू फळ्यांभोवती एक फेरी मारलीस. मग तुझ्या त्या चढाच्या रस्त्याच्या टोकाला, फळी संपते तिथे, एक उंच स्टूल आणून ठेवलंस, त्यावर पाट, पाटावर मूर्ती. दुकानांतून निघालेला रस्ता थेट गणपतीच्या पायाशी जाऊन पोचला. विद्येची देवता विद्यापीठाच्या जागी. अध्यक्षांनासुद्धा क्षणभर काही सुचलं नाही, आणि असे क्षण मी मोजून ठेवले असते तर एका हाताची बोटं पुरली असती.

मी तुझ्या कानात म्हटलं, “झालं एकदाचं विद्यापीठ.” तू म्हणालास, “दहा दिवसांपुरतं.”

काय गर्दी झाली रे त्या वर्षी! पिनरहून, रीडिंगहून लोक आले. आरतीच्या वेळी फाटकाची घंटा वाजायला लागली तेव्हा अध्यक्षांनी डोळ्यांनी तुला खुणावलं, बंद करा. तू तितक्याच भक्तिभावाने डोळे मिटून घेतलेस. सगळी आरती त्या घंटेच्या तालावर झाली आणि नेहमीपेक्षा बरी झाली. मग मेयर आले, गळ्यात ती हुद्द्याची सोनेरी साखळी. अध्यक्षांनी बोलायला सुरुवात केली, आपल्या थोर संस्कृतीपासून. मेयर दोन मिनिटं ऐकत उभे होते, मग हळूच गुडघ्यांवर बसले आणि फलाटाच्या पातळीला डोळा लावून गाडी येते कशी ते पाहायला वाकले. साखळी रुळांवर टेकली. शॉर्ट होऊन दोन्ही गाड्या जागच्या जागी थांबल्या. हुद्द्याने वाहतूक बंद पडते याचं इतकं स्वच्छ प्रात्यक्षिक मी आजवर पाहिलेलं नाही. तू धावत जाऊन साखळी उचललीस, “सॉरी, सर,” म्हणालास, आणि मेयर लहान मुलासारखे म्हणाले, “आता पुन्हा सोडा ना.” भाषण तिथेच संपलं. त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी दुपारी लायब्ररीत येऊन तू जे हसलास, त्यासाठी मला माझ्याच लायब्ररीत शांतता पाळायची सूचना मिळाली.

तेव्हापासून स्टेशन दर दोन-तीन वर्षांनी हॉलमध्ये यायला लागलं. आणि त्यातल्याच एका वर्षी, नव्वदीच्या आसपास, तुझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, आणि अध्यक्ष माईकवर: “आपले कलाकार, शास्त्रज्ञ, डॉक्टर माधव इनामदार!” आपल्याकडे पदवी अशीच मिळते. व्यासपीठावर चढताना माणूस साधा असतो आणि शाल अंगावर पडेपर्यंत डॉक्टर होतो. घेणारा विनयाने मान हलवतो, देणाऱ्याची उंची वाढते, कुणाचं काही जात नाही. तू मात्र शाल सावरत माईक ओढून घेतलास.

“मी डॉक्टर नाही. ते राहिलं.”

बस, एवढंच. लोकांना वाटलं केवढा हा प्रामाणिकपणा. मला वाटलं केवढा हा हट्टीपणा. वहिनी पहिल्या रांगेत होत्या. त्या उठल्या आणि मोदकांचं काय झालं बघायला आत गेल्या. मोदकांचं काही झालेलं नव्हतं. मोदक केव्हाच टेबलावर मांडून झाले होते. हे मला तेव्हा दिसलं होतं, पण दिसणं आणि कळणं यांच्यात आपल्या स्टेशनाहून विद्यापीठापर्यंत होतं तेवढं अंतर असतं.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आपण दोघंच हॉलमध्ये होतो. दुकानं जुन्या चादरीत गुंडाळत होतो, उरलेली खिरापत खात होतो. तुझा मूड बघून मी पुन्हा तेच काढलं. म्हटलं, कालचं ऐकून वाटलं, ती पदवी तुला फार सलते. मग एकदा विद्यापीठ कर आणि मोकळा हो.

तू खिरापतीचा बकाणा भरलेल्या तोंडाने म्हणालास, “मला ते विद्यापीठ कधी आवडलंच नाही.”

मी हातातलं नूडल्सचं दुकान खाली ठेवलं.

“धातूंना थकवा कसा येतो, यावर माझं काम. दीड वर्ष सळ्या मोडत होतो. प्रोफेसर यायचे, सळी बघायचे, आणि म्हणायचे, पुन्हा. दीड वर्षात माझ्याशी एवढा एकच शब्द बोलले. पुन्हा. धातू थकले की नाही माहीत नाही, मी थकलो. सकाळी स्टेशनवर उतरायचो आणि बाकावर बसून राहायचो. दोन गाड्या जाऊ द्यायचो. तो तिकीटवाला मान लववायचा. दिवसभरात माझ्यावर खूश असलेला तेवढा एकच माणूस.”

“आणि मग?”

“मग साताऱ्याहून तार आली. वडिलांची तब्येत बरी नाही, मुलगी पाहिली आहे, लग्नाला ये. तार हातात घेऊन बाकावर बसलो आणि मनात म्हटलं, सुटलो!”

आपण दोघं पोट धरून हसलो. मग तू सुतळी शोधायला लागलास आणि मी टेप. ती गोष्ट मी तुझी एक गंमत म्हणून जवळ ठेवून दिली. तू कुणाला सांगू नकोस असं म्हणाला नाहीस, मी कुणाला सांगावी असंही मला कधी वाटलं नाही.

तुझ्याशी इतकं भांडूनही माझ्याकडे तुझ्याविरुद्ध फारसं काही जमलेलं नाही. ऑफिसहून, म्हणजे रीडिंगहून, येणारी तुझी गाडी उशिरा आली की तू घुमसत लायब्ररीत यायचास आणि जपानात असं झालं तर लोक माफी मागतात म्हणायचास. मी म्हणायचो, उशिरा येणाऱ्या गाडीत पुस्तक वाचून होतं, या देशात एवढे लोक वाचतात ते रेल्वेच्या कृपेने. तू म्हणायचास, मग लायब्रेरियनने तिची बाजू घ्यावी हे बरोबरच आहे. माझ्या हिच्या आजारपणात तू रोज संध्याकाळी पिनरला यायचास, एक शब्द न बोलता भांडी घासायचास आणि जाताना सांगायचास की तुमचा नळ गळतो. मग एक दिवस नळ गळायचा थांबला. आभार मानायला गेलो तर म्हणालास, वॉशर गेला होता, त्यात काय. आभार मानायचे राहिलेच, माधव. आता इथे मानतो. तिथे तुला नको म्हणता येणार नाही.

हॉस्पिटलमधल्या शेवटच्या भेटीतही तू मला ओरडलास. कसा आलास, विचारलंस. बसने, म्हटलं. तू उशीवरून मान उचललीस. “पिनरहून बसने? दोन बदलल्यास?” हो. “पुढच्या वेळी हॅरोला गाडी बदल. बसच्या नादी लागू नकोस.” माणसाचे शेवटचे शब्द म्हणून चरित्रात घालण्यासारखे नाहीत, पण मला पुरतात.

परवा केतकीचा फोन आला. तुझी लेक आता आईबरोबर राहायला आलीय, रीडिंगचं ऑफिस इथूनच करते. “काका, तुम्ही या ना. आईने लॉफ्टचा दार लॉक केलीय. मी म्हटली, बाबाचा स्टेशन आपण मंडळाला देऊ या, तर ती काहीच बोलत नाही. नुसती बसते.”

मी आलो. हॅरोला बदलून. येताना मनात अख्खं भाषण तयार केलं होतं: वहिनी, तो फलक लागू द्यायचा नाही, माधवला खोटी पदवी चालली नसती, माणूस गेला म्हणून त्याच्या नावाची रंगरंगोटी करायचा यांना अधिकार काय. चहा समोर आला, मी घसा साफ केला, आणि वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, ते ‘डॉक्टर’ राहू दे.”

“काय?”

“अध्यक्षांचा मलाही फोन आला होता. मी म्हटलं, लिहा.”

“अहो, पण वहिनी, माधवला हे—”

“ह्यांना काय चाललं नसतं ते मला नका सांगू. लग्न झाल्यापासून ऐकतेय मी. कुणी चुकून डॉक्टर म्हटलं की लगेच, मी डॉक्टर नाही, ते राहिलं. लग्नात, बारशात, डेंटिस्टकडे. आणि का राहिलं? लग्नाला म्हणून चार आठवड्यांसाठी आले होते. मग मामंजी गेले, मग केतकीची चाहूल लागली. मी तेव्हा म्हटलं होतं, तुम्ही जा, मी राहीन साताऱ्याला. नाही गेले. कधी एका शब्दाने बोलले नाहीत मला. बोलले असते तर बरं झालं असतं. रोज ऑफिसातून आले की शिडी चढायचे आणि ते स्टेशन बघत बसायचे. माझ्या डोक्यावर. सवत म्हणायचे मी, तुम्ही सगळे हसायचात.” त्यांनी कपबशी सरकवली. “जे माझ्यापायी अर्धं राहिलं ते निदान फलकावर तरी पुरं होऊ दे. मग मंडळाला म्हणावं, न्या ते स्टेशन.”

माधव, तू पुलांना गेलेले तडे शोधायचास. त्यासाठी पगार घ्यायचास. आणि तुझ्या पायांखाली, एका लाकडी जमिनीच्या खाली, इतकी वर्षं हे चाललं होतं.

मग मी वहिनींना विसर्जनानंतरच्या त्या दिवसाची, हॉलमधली गोष्ट सांगितली. सळ्या, प्रोफेसर, पुन्हा, बाक, तार. मी गोष्टी बऱ्या सांगतो असा माझा समज आहे, पण ही मी अर्ध्यामुर्ध्या वाक्यांतच सांगितली.

वहिनींनी विचारलं, “काय म्हणाले?”

“सुटलो.”

“असंच म्हणाले?”

“असंच. तोंडात खिरापत होती, पण शब्द स्पष्ट होता.”

“कधी सांगितलं हे तुम्हाला?”

“सत्काराच्या वर्षी.”

“सुटलो!” त्यांनी टेबलावर थाप मारली, चमचा उडाला. “केतकी! अगं ए केतकी! ये इकडे, बापाचे प्रताप ऐक तुझ्या!”

“काय झाला?” केतकी जिन्यावरून धावत आली.

“सुटलो म्हणे! माझ्याशी लग्न ठरलं म्हणून सुटलो! आणि मी इथे जन्मभर... अहो, सांगायला काय झालं होतं? मला सांगायचं होतं ना! जेवताना सांगायचं, भाजी आणताना सांगायचं. मित्राला सांगितलं, बायकोला नाही. काय माणूस आहे हा!” त्या हसत होत्या की रडत होत्या ते मला सांगता येणार नाही. चेहरा एकाचा होता, आवाज दुसऱ्याचा. केतकी नुसतीच त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली आणि डोळ्यांनी मला विचारत राहिली, हे चांगलं झालं की वाईट.

का नाही सांगितलंस रे? पिनरला परतताना सगळ्या वाटेवर मी याच विचारात होतो. मला वाटतं, तू खोटं कधीच बोलला नाहीस, फक्त ‘ते राहिलं’ असं म्हणालास. ‘मी सोडलं’ असं म्हणाला नाहीस. राहिलं म्हणण्यात थोडा डौल आहे. नशिबाचा हात असल्यासारखं वाटतं. साऱ्या मंडळात ज्याच्याकडे ढोंग शोधूनही सापडलं नसतं त्या माणसाने एवढंसं ढोंग स्वतःसाठी राखून ठेवलं होतं, आणि त्याची किंमत दुसरंच कुणीतरी देत होतं हे त्याच्या गावीही नव्हतं. मी तुझ्यावर रागावलोय. तू असतास तर आज जोरात भांडलो असतो, आणि या वेळी जिंकलो असतो.

तर तिथे वहिनींनी डोळे पुसले, चष्मा लावला आणि त्या फोनपाशी गेल्या. अध्यक्षांचा नंबर त्यांना पाठ आहे. सगळ्या मंडळाला पाठ आहे, तशी व्यवस्था त्यांनी केलेली आहे.

“अध्यक्ष, मी इनामदार बोलतेय. फलकावर डॉक्टर लिहायचं नाही... नाही. माधव इनामदार, एवढंच... नाही हो, शोभत नाही... काय?... नाही, राहिलं वगैरे काही नव्हतं.” इथे त्यांनी मान ताठ केली. “पळून आले होते ते. माझ्याशी लग्न करायला.”

वहिनींनी स्टेशन कधी न्यायला यायचं ते सांगितलं, फळ्या कोण उचलणार ते विचारलं, आणि फोन ठेवला. मग ड्रॉवरमधून किल्ली काढून त्या वर गेल्या. शिडीचा आवाज आला. मी आणि केतकी खाली गार झालेला चहा घेऊन बसलो. वर पावलं वाजली, काहीतरी पडलं, मग शांत. मग बारीक खर्जातली ती घरघर, जी मला कुठेही ओळखू येईल. गाडी सुरू झाली होती. फाटकाची घंटा वाजली. घरघर एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेली, वळून आली, पुन्हा गेली.

“भाऊजी!” वरून हाक आली.

मी शिडीपाशी गेलो. “काय, वहिनी?”

“ही गाडी स्टेशनात थांबत का नाही?”

“ती एक्सप्रेस असेल. ती पुढे जाते.”

“मग थांबणारी कुठली?”

“ते मला नाही माहीत.”

“मलाही नाही,” त्या म्हणाल्या. “या वर. शोधू या.”